घड्याळ बंद पडलं, तांदूळ उरला

(कुरखेडा येथील युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे: 'आंतरराष्ट्रीय व्यापार आणि विकसनशील देशांची तांत्रिक प्रगती'. फलकावर हे वाचून मागच्या बाकावरचे दोघं चहाच्या चौकशीला बाहेर गेले, ते मी पाहिलं. त्यांचा काही दोष नाही. म्हणून विषय जरा जवळ ओढतो. आपल्या झाडीपट्टीत कुठल्याही किराणा दुकानात एचएमटी तांदूळ मिळतो. हे एचएमटी नाव आलं कुठून?

घड्याळावरून. बरोबर. आता ते घड्याळ कुठून आलं, तिथून सुरुवात करू. तांदळाकडे नंतर येतो.

एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स. १९५३ साली बंगळुरूला उभी राहिलेली सरकारी कंपनी. तिचं मूळ काम यंत्रं बनवणारी यंत्रं बनवण्याचं, म्हणजे लेथ वगैरे, आणि त्यासाठी स्वित्झर्लंडच्या ओरलिकॉन कंपनीची मदत घेतलेली. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून तिनं मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. या कराराची खुबी अशी की नुसती घड्याळं जहाजातून उतरवून घेतली नाहीत. घड्याळ बनवायची यंत्रं आणि ती बनवण्याची विद्या आली. इथल्या माणसांनी शिकून घेतलं आणि पुढची तीस वर्षं लग्नात जावयाला एचएमटी द्यायची पद्धत पडली. तुमच्या नानांच्या पेटीत एखादं 'जनता' मॉडेल अजून सापडेल. चावी दिली तर चालेलही.

त्याच काळात परदेशी घड्याळं चोरवाटेनंही येत होती, दुबईहून, बोटीनं. वेळ तीही बरोबर दाखवत. पण त्यांतून घड्याळ कसं बनवायचं हे इथे कोणाला कळलं नाही. दुरुस्त करणारे तेवढे तयार झाले, आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

मग काय झालं? १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेइकोनं क्वार्ट्झवर चालणारं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. चावी नको, स्प्रिंग नको, बॅटरीवर चालतं आणि चावीच्या घड्याळापेक्षा वेळ नेमकी दाखवतं. जगभर घड्याळाचा धंदा उलटापालटा झाला. स्वित्झर्लंडसारख्या देशातले कारखाने बंद पडले. आपल्याकडे मात्र आयातीची भिंत एवढी उंच होती की एचएमटीला तो धक्का लगेच जाणवलाच नाही. क्वार्ट्झ घड्याळं तिनंही काढली, पण जोर चावीच्या घड्याळावरच राहिला. १९८४ साली टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळानं मिळून टायटन कंपनी काढली, होसूरला कारखाना टाकला आणि सुरुवातच क्वार्ट्झपासून केली. बाकी सगळ्यांना माहीत आहे. २०१६ साली एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय सरकारनं घेतला.

या एका घड्याळात आजच्या विषयावरचे दोन्ही पक्ष आहेत. दरवाजे सताड उघडा म्हणणाऱ्यांना मी विचारतो: चोरवाटेनं आलेल्या हजारो घड्याळांनी देशाला काय शिकवलं? दरवाजे बंद करा म्हणणाऱ्यांना विचारतो: भिंतीआड एचएमटी शिकली हे खरं, पण शिकून झाल्यावर ती तिथेच का बसून राहिली? कोरियानंही आपल्या कारखान्यांना आयातीपासून संरक्षण दिलं होतं. पण तिथलं सरकार बदल्यात निर्यातीचं लक्ष्य द्यायचं. परदेशी गिऱ्हाइकाला माल पसंत पडला पाहिजे, नाहीतर सवलत धोक्यात. म्हणजे घरात जागा दिली, पण परीक्षा बाहेरची ठेवली. आपल्याकडे परीक्षाच नव्हती. ग्राहक रांगेत उभा होता.

आता लोखंडाकडे वळतो. या जिल्ह्यातल्या तरुणांशी कशावरही बोलायला बसलं तरी पाच मिनिटांत सुरजागड निघतंच.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञानं चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावर अहवाल लिहिला. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा चांदाच. लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेदजी टाटांच्या हाती तो अहवाल पडला. पोलादाचा कारखाना काढायचं त्यांच्या डोक्यात बसलं ते इथून, आपल्या जंगलातल्या दगडावरून. त्या वेळचे सरकारी खाण-नियम जाचक होते, त्यामुळे सतरा वर्षं काही हललं नाही. १८९९ साली नियम सैल झाले. जमशेदजी अमेरिकेला गेले, तिथल्या चार्ल्स पेरिन या अभियंत्याला गाठलं आणि पेरिननं सी. एम. वेल्ड नावाचा भूगर्भतज्ज्ञ पाठवला. तो आणि दोराबजी टाटा चांद्याच्या जंगलात बैलगाड्या घेऊन फिरले. निष्कर्ष निघाला तो निराशेचा. खनिज चांगलं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढं एका जागी नाही, आणि वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होत नाही.

पुढे नागपुरात दोराबजींना भूगर्भाचा एक रंगीत नकाशा दिसला. त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंड दाखवलं होतं. त्या मागावर ते डल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत गेले, म्हणजे इथून पूर्वेला, छत्तीसगडात. शेवटी प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाच्या पत्रामुळे मयूरभंजचं खनिज ठरलं आणि कारखाना आजच्या जमशेदपूरला गेला. कंपनी नोंदली गेली २६ ऑगस्ट १९०७ रोजी. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी, बरोबर ७५ वर्षांनी. योगायोगच, पण इथे उभं राहून बोलताना सांगावासा वाटतो.

मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जमशेदपूरची भट्टी अमेरिकन आराखड्याची होती. चालवणारे अमेरिकन, जर्मन, इंग्रज. पोलादाची पहिली लगड १९१२ साली निघाली तेव्हा कारखान्यातलं कळीचं ज्ञान परदेशी माणसांच्या डोक्यात होतं. तिथं भारतीयांना शिकवण्यासाठी तांत्रिक संस्था निघाली १९२१ साली. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातलं स्वस्त पोलाद येऊन आदळायला लागलं तेव्हा १९२४ साली संरक्षणाचा कायदा झाला. हे संरक्षण आंधळं नव्हतं. दर काही वर्षांनी टॅरिफ बोर्ड चौकशीला बसायचं: किंमत किती उतरली, परदेशी माणसं किती कमी झाली. आणि कारखान्याचा पहिला भारतीय जनरल मॅनेजर, जहांगीर घांदी, नेमला गेला १९३८ साली. पहिल्या लगडीनंतर २६ वर्षांनी. यंत्रं बोटीतून काही महिन्यांत आली, ती चालवण्याचा पूर्ण अधिकार आपल्या माणसाकडे यायला एक पिढी गेली. मध्ये शाळा काढावी लागली, पगार द्यावा लागला, चुका सोसाव्या लागल्या.

आणि चांद्याच्या जंगलात? मातीच्या छोट्या भट्टीत कोळशावर लोखंड गाळणारे लोक मध्य भारताच्या या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या होते. लोहारा हे गावाचं नाव काही उगाच पडलेलं नाही. रेल्वेनं विलायती लोखंड स्वस्तात आणलं आणि त्या भट्ट्या विझल्या. व्यापारानं तंत्रज्ञान वाढतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. कमी होतं, पुसलंही जातं, हे क्वचितच लिहिलेलं असतं. गाळणाऱ्याच्या हातातलं कसब कुठल्याही आकडेवारीत नव्हतं, त्यामुळे ते गेल्याची नोंदही झाली नाही.

आज सुरजागडहून खनिज निघतं, कोनसरीला कारखाना उभा आहे. डोंगराचा, वनहक्काचा आणि ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न फार मोठा आहे. तो नोकऱ्यांच्या हिशेबात बसवून मिटवता येत नाही, आणि बाहेरून येऊन माईकवर मिटवण्याचा तर मला अजिबात हक्क नाही. मी फक्त माझ्या विषयापुरता प्रश्न विचारतो. भरतीची जाहिरात आली की आपण विचारतो, जागा किती? त्याबरोबर हेही विचारा की कुठल्या जागा. फाटकावरचा पहारेकरी, ट्रकचा चालक, हेल्पर, की प्रयोगशाळेत खनिज तपासणारा, नियंत्रण कक्षात बसणारा, यंत्राची देखभाल करणारा? पहिल्या तीन नोकऱ्यांत पगार मिळतो. पण ती कंपनी उद्या गेली तर मागे फक्त खड्डा राहतो. पुढच्या तीन नोकऱ्यांतलं ज्ञान माणसाबरोबर घरी येतं.

याचंच लहान रूप तुम्ही दर हंगामात बघता. धान कापायला हार्वेस्टर येतात पंजाब-हरियाणातून. चालक तिकडचा, मिस्त्रीही तिकडचा. पट्टा तुटला तर तोच बसवतो. हंगाम संपला की यंत्र, चालक आणि मिस्त्री तिघंही परत. आपल्याकडे राहते ती भाड्याची पावती. आता पंजाबात काय झालं ते बघा. नाभा, भादसों ही तिथली लहान गावं. परदेशी नमुने उघडून, मोजून, आपल्या शेताला आणि आपल्या खिशाला जमतील असे हार्वेस्टर तिथल्या वर्कशॉपवाल्यांनी बनवायला घेतले. लोहारकामाची, ट्रॅक्टर दुरुस्तीची परंपरा आधीपासून होती, म्हणून नमुना हातात आल्यावर तो कळला. अर्थशास्त्रात याला ग्रहणक्षमता म्हणतात. साध्या मराठीत, जमीन ओली असेल तरच बी रुजतं.

आता आपल्या समाजाकडे येतो. भिवंडी आणि मालेगाव ही नावं तुम्ही दंगलींच्या आणि मंदीच्या बातम्यांत ऐकता. मला ती तंत्रज्ञानाच्या इतिहासातली गावं वाटतात. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर हातमाग घेऊन आले. पुढे, १९३० च्या दशकापासून, मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग त्यांनी विकत घेतले. ते मुळात विलायतेहून आलेले. म्हणजे एकदा परदेशातून आयात, दुसऱ्यांदा मुंबईच्या भंगारातून आयात. गिरणीनं मोडीत काढलेला माग या लोकांनी घराच्या पुढच्या खोलीत चालवला. कसा? कारण कापड कसं विणलं जातं हे बोटांना माहीत होतं. माग बसवणारा, त्याचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा जो कारागीर असतो, त्याला तिथे जॉबर म्हणतात. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत माझ्या वाट्याला असा शिक्षक आला असता तर मी भाग्यवान ठरलो असतो.

पण इथेच गाडी अडलीही आहे. जॉबरकडे हात आहे, कागद नाही. बिनधोट्याचे नवे माग परदेशातून येतात, त्यांत इलेक्ट्रॉनिक्स असतं, माहितीपुस्तिका इंग्रजीत असते, आणि वीस वर्षांचा अनुभवी जॉबर कंपनीच्या माणसाची वाट बघत बसतो. २००६ साली सच्चर समितीनं दाखवून दिलं की मुसलमान कामगार मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि असंघटित कामात आहे. याची चर्चा आपण फक्त गरिबीच्या अंगानं करतो. दुसरं अंग असं की गॅरेज, वेल्डिंग, मोटार वाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती हे सगळं वस्तू उघडून बघण्याचं शिक्षण आहे, आणि ते आपल्या मुलांकडे लहानपणापासून आहे. त्याला गणिताची, विजेच्या सिद्धांताची आणि प्रमाणपत्राची जोड मिळाली नाही, म्हणून ते 'पंक्चरवाला' या शिवीत संपतं. (मुलींना तर दुकानात बसूही देत नाही आपण. मोबाइलच्या बोर्डावर बारीक टाका घालायला ज्या नाजूक हाताची गरज असते तो जरदोजी करणाऱ्या बहिणीकडे भावापेक्षा जास्त आहे, असं मी म्हटलं की चाचा लोक विषय बदलतात.)

'चायना माल बंद करा' असा संदेश आपल्यापैकी बहुतेकांना चिनी फोनवरच येतो. वापरायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. पण तो फोन उघडून त्याचा आराखडा वाचणारा एक मुलगा तालुक्यात असेल, तर त्या फोनातून वापरापलीकडचं काही आलं. नसेल, तर फक्त पैसे गेले.

आता तांदूळ. मुद्दाम मागे ठेवला होता.

दादाजी रामाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. इथून फार लांब नाही. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांच्या शेतात 'पटेल ३' हे वाण होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाच्या नावाचं ते वाण. त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या, अशी वर्षानुवर्षं निवड करत एक बारीक दाण्याचं, चवीला चांगलं वाण तयार केलं. बाजारात नेलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. व्यापाऱ्यांनी त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं. जपानी विद्येवर बनलेल्या बंगळुरूच्या घड्याळाचं नाव नागभीडच्या तांदळाला. घड्याळ बंद पडलं, तांदूळ आजही ताटात आहे.

दादाजींच्या बियाण्यावर स्वामित्व नव्हतं. ते शेतात आणि बाजारात हातोहात पसरलं. १९९४ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रानं त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' नावाचं वाण प्रसारित झालं. आपलं श्रेय डावललं गेलं, असं दादाजींचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी ते झगडत राहिले. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. जाताना गरीबच होते.

याचा आंतरराष्ट्रीय व्यापाराशी संबंध सरळ आहे. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्यासोबत बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार आला. त्यात प्रत्येक देशाला पिकांच्या वाणांना संरक्षण देणारी काहीतरी व्यवस्था करणं बंधनकारक झालं. श्रीमंत देशांकडे तयार नमुना होता, तो मुख्यतः बियाणं कंपन्यांच्या सोयीचा. भारतानं तो उचलला नाही. २००१ साली स्वतःचा कायदा केला: 'पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क'. त्याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकरी बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, विकूही शकतो, फक्त ब्रँडच्या नावानं नाही. आणि स्वतः वाण तयार केलं असेल तर ते स्वतःच्या नावावर नोंदवू शकतो. बाहेरून आलेल्या करारातली मोकळी जागा शोधून आपल्या सोयीचं कलम घालणं, हेही तंत्रज्ञानच आहे. कायद्याचं. दादाजींच्या एचएमटीच्या वेळी तो कायदा नव्हता. आज आहे, आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी धानाचं वेगळं बियाणं वर्षानुवर्षं राखलेलं आहे त्यांनी नोंदणीची चौकशी करावी.

शेवटी माझ्या धंद्याबद्दल, कारण लोक मला यशाचं उदाहरण म्हणून बोलावतात. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान कराराला सामील झाला आणि संगणकांवरचं आयात शुल्क पुढच्या काही वर्षांत शून्यावर आलं. संगणक स्वस्त झाले, सॉफ्टवेअरची निर्यात फोफावली, माझ्यासारख्या छोट्या गावच्या पोराला नोकरी मिळाली. त्याच दरवाजातून संगणकाचे सुटे भाग बनवण्याचा देशी धंदा मात्र वर यायच्या आत दबला. दोन्ही एकाच करारानं झालं. परदेशी गिऱ्हाइकासाठी काम करताना मी खूप शिकलो, हे नाकारणार नाही. त्यांची कडक तपासणी हीच माझी शाळा. पण मी लिहिलेल्या एका ओळीवरही माझी मालकी नाही. दादाजींच्या आणि माझ्या परिस्थितीत पगाराचा फरक आहे, आणि तो मोठा आहे. नाव कोणाचं लागतं, या बाबतीत फरक शोधावा लागेल.

मला अधूनमधून विचारतात, मग आम्ही पुण्याला यावं की इथेच राहावं? या विषयातून त्याचं उत्तर निघत नाही. जिथे वस्तू उघडायला मिळेल आणि चुकलं तर कोणीतरी का चुकलं ते सांगेल, तिथे पहिली पाच वर्षं काढा, मग ते वडसा असो की चाकण. पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी. आयटीआय झालेल्यांनी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचे नियम बघून ठेवा. घरी उर्दू-हिंदी, बाजारात मराठी, यंत्राच्या पुस्तकात इंग्रजी, अशी आपली तीन भाषांची कसरत असते. तिसरीची भीती घालवायला रोज एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं एक पान पुरतं. व्याकरणाच्या पुस्तकाची गरज नाही.

चहा आला वाटतं. मघाशी बसताना एकानं विचारलं होतं की कोनसरीच्या प्रशिक्षणात इथल्या मुलांना यंत्राला हात लावू देतात की नुसतं उभं करतात. इथे त्यातून जाऊन आलेलं कोणी असेल तर त्यानं आधी बोलावं, मी ऐकतो.